जुना चाकू घासू नका!

मंडळी, जुन्या वस्तूंचा नाद असलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. कुणी नाणी जमवतो, कुणी टपाल तिकिटे, कुणी दिवे, कुणी कुलपे. मला नाद आहे घडीच्या जुन्या चाकूंचा. हे ऐकले की लोक जरा बिचकतात. मास्तर आणि चाकू? हे समीकरण त्यांना जुळत नाही. वास्तविक घडीचा चाकू आणि लेखणी यांचे नाते फार जुने. इंग्रजीत लहान चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, ते पिसाची लेखणी तासायला लागणारा चाकू म्हणून. आपल्याकडेही बोरूला कत मारायला चाकूच लागे. तेव्हा मास्तरकडे चाकू असण्यात वावगे काही नाही.

असो. आज मला एका मुद्द्यावर माझे मत मांडायचे आहे. माळ्यावर, ट्रंकेत किंवा आजोबांच्या कोटाच्या खिशात एखादा जुना चाकू सापडला की लोक पहिले काय करतात? तर तो घासून लख्ख करतात. कुणी चिंच लावतो, कुणी रांगोळी, कुणी पॉलिश पेपर, आणि हौशी माणूस असेल तर थेट बफिंगच्या चाकावर धरतो. माझे म्हणणे असे की नेमके हेच करू नये. जुना चाकू म्हणजे एक कागद आहे. त्यावर पुष्कळ मजकूर आहे. आपण तो वाचायच्या आधीच खोडरबर घेऊन बसतो.

कोणता मजकूर, ते सांगतो.

पात्याच्या मुळाशी, जिथे धार संपते आणि पाते मुठीत शिरते, तिथे एक छोटी चपटी जागा असते. इंग्रजीत तिला 'टँग' म्हणतात. मराठीत तिला आपण पात्याचा तळ म्हणू. चाकू कुणाचा, कुठला, साधारण केव्हाचा, हे सांगणारा छाप या तळावर मारलेला असतो. जागा करंगळीच्या नखाएवढी. अक्षरे इतकी बारीक की माझ्या वयाच्या माणसाला भिंगाशिवाय दिसत नाहीत. आणि खोली म्हणाल तर कागदाच्या जाडीएवढी. बफिंगच्या चाकावर ती जायला किती वेळ लागणार?

या छापामागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधले शेफील्ड हे चाकूंचे माहेर. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या कँटरबरी टेल्समध्ये शेफील्डच्या चाकूचा उल्लेख केला आहे, म्हणजे तेव्हाही त्या गावाचे नाव होते. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथे कारागिरांची 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' स्थापन झाली आणि कुणाचा छाप कोणता याची रीतसर नोंद ठेवली जाऊ लागली. जोसेफ रॉजर्स या प्रसिद्ध पेढीचा तारा आणि माल्टीज क्रॉस हा छाप १६८२ सालचा. जॉर्ज वॉस्टनहोमच्या पेढीचा छाप 'आय एक्स एल'. ही तीन अक्षरे इंग्रजीत भराभर उच्चारली की 'मी सरस' असा अर्थ निघतो. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या हेंकेल्स घराण्याने जुळ्यांची आकृती १७३१ साली नोंदवली. गिऱ्हाइकाला लिहिता-वाचता येत नसले तरी तारा, क्रॉस, जुळी मुले ओळखता येत. म्हणून चित्रे.

आता हा छाप वाचायचा कसा? इथे थोडे डोके चालवावे लागते, आणि मला या छंदातली खरी गंमत तिथेच वाटते.

समजा रॉजर्सचा चाकू आहे. या पेढीला १८२२ साली राजाश्रय मिळाला. तेव्हापासून त्यांच्या छापात मुकुट आणि राजाची किंवा राणीची अक्षरे येऊ लागली. मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' दिसले तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १८३७ ते १९०१. 'जी' आणि 'आर' दिसले तर मात्र जपून. जॉर्ज एकच नव्हता. चौथा जॉर्ज १८३० साली गेला, पाचवा १९१० साली गादीवर आला, त्यानंतर सहावाही झाला. मग चाकू कोणत्या जॉर्जचा, हे मूठ, स्प्रिंग, पात्याची घडण पाहून ठरवायचे.

दुसरी खूण 'इंग्लंड' या शब्दाची. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. कायदा १८९१ पासून लागू झाला. म्हणून तळावर 'इंग्लंड' असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, असा नियम पुस्तके सांगतात. पण याचा उलटा अर्थ काढू नये! 'इंग्लंड' नाही म्हणून चाकू १८९१ च्या आधीचा, असे होत नाही. कायदा अमेरिकेचा. जो माल हिंदुस्थानात यायचा त्याला तो कायदा कशाला लागू होईल? आपल्याकडे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळणाऱ्या चाकूंना हा नियम डोळे मिटून लावला तर हमखास फसायला होते. वर्गात मी मुलांना सांगत असे, 'पाऊस पडला तर अंगण भिजते, पण अंगण भिजले म्हणजे पाऊसच पडला असे नाही.' तेच हे.

तिसरी खूण पोलादाची. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले. त्यामुळे पात्यावर 'स्टेनलेस' असा शब्द असेल तर चाकू त्या आधीचा असूच शकत नाही. मग विकणारा "राणीच्या काळातला आहे साहेब" म्हणून कितीही शपथा घेवो.

अमेरिकेतल्या केस या कंपनीची तऱ्हा तर आणखी मजेची. १९७० साली त्यांनी छापाखाली दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत गेले. म्हणजे दहा ठिपके १९७०, नऊ ठिपके १९७१, सहा ठिपके १९७४, पाच ठिपके १९७५. आता विचार करा. सहा ठिपक्यांचा चाकू कुणी उत्साहाने घासला आणि त्यातला एक ठिपका गेला, तर चाकूचे वयच बदलले! पुढचा माणूस प्रामाणिकपणे पाच ठिपके मोजणार आणि १९७५ लिहिणार. खोटे कुणीच बोललेले नाही, पण नोंद खोटी झाली.

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे त्यांच्या आजोबांचा दोन पात्यांचा चाकू होता. आजोबा रेल्वेत होते एवढेच घरात माहीत. चाकू कुठून आला, कुणी दिला, काही ठाऊक नाही. गृहस्थांनी तो कौतुकाने माझ्याकडे आणला, पण आणण्याआधी एका कारखान्यातून बफ करून आणला. आरशासारखा चमकत होता. भिंग लावून पाहिले तर तळावर नुसती दोन उभ्या रेघांची सावली. त्या रेघा कोणत्या अक्षराच्या, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते. "मग सर, हा कुठला?" त्यांनी विचारले. आता काय सांगणार? आजोबांविषयी त्या घरात शिल्लक असलेला बहुधा तो एकच लेखी पुरावा होता, आणि तो पाच मिनिटांत पुसला गेला होता. मी म्हटले, "चाकू चांगला आहे, जपून ठेवा." खरे तर यापेक्षा पुष्कळ सांगता आले असते.

कुणी म्हणेल, छाप तेवढा सोडून बाकीचे घासले तर चालेल ना? तर तेही नाही. कारण मजकूर फक्त छापात नसतो.

पात्याचा आकार पाहा. सरळ धारेचे, बोथट टोकाचे, मेंढीच्या खुरासारखे पाते असेल तर ते खलाशाच्या उपयोगाचे. हलत्या जहाजावर दोर कापताना टोक कुणाला लागू नये म्हणून ते बोथट. एखाद्या चाकूच्या मुठीच्या टोकाला हाडाची चपटी जीभ असते. अनेकांना वाटते की हे काहीतरी मोडके उरले आहे. तो कलमे बांधण्याचा चाकू! त्या जिभेने झाडाची साल अलगद उचलायची आणि डोळा आत सरकवायचा. आमच्या कोकणातल्या कलमे बांधणाऱ्या माणसाला दाखवलात तर तो न सांगता ओळखेल.

मग झीज पाहा. मुठीतल्या खाचेत पाते मिटल्यावर ती खाच नीट भरते की मोकळी राहते? मोकळी राहत असेल तर वर्षानुवर्षे दगडावर घासून पाते झिजले आहे, किंवा मोडलेले टोक कुणीतरी नव्याने घडवले आहे. लहान पाते कोरे आणि मोठे निम्मे झिजलेले असेल तर मालक काय काम करत असेल याचा अंदाज बांधता येतो. पात्यावरची करडी-निळसर छटा ही घाण नव्हे. पोलादावर वापराने आणि काळाने हळूहळू धरलेला तो थर आहे. लाल गंज वेगळा आणि ही छटा वेगळी. गंज पाते खातो, छटा खात नाही. हा फरक ज्याला कळला त्याने अर्धा छंद शिकला असे समजावे.

मुठीचेही तसेच. सांबरशिंग, हाड, आबनूस, शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत, आणि पुढे सेल्युलॉइड. इथे आपला संबंध येतो बरे का! शेफील्डच्या उत्तम चाकूंच्या मुठींचे सांबरशिंग मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जात असे. आपल्या जंगलात सांबराने टाकलेले शिंग बोटीने इंग्लंडला जायचे आणि त्याची मूठ लावलेला चाकू कधी कधी परत इथल्याच एखाद्या मामलेदाराच्या खिशात यायचा. आज वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा व्यापार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. हस्तिदंताचा व्यापारही आपल्याकडे बेकायदा आहे. तेव्हा अशी मूठ असलेली वस्तू बाजारात दिसली तर मोह आवरावा, हेही सांगून ठेवतो.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. छाप असतो पेढीचा. चाकू करणाऱ्या माणसाचे नाव त्यावर नसते. शेफील्डमध्ये पाते तापवून ठोकणारा एक, दगडावर घासून त्याला धार देणारा दुसरा आणि सगळे भाग जुळवून मूठ बसवणारा तिसरा, असे वेगवेगळे धंदे होते. त्यातले बरेच जण स्वतंत्र कारागीर. एखादी खोली भाड्याने घेऊन काम करायचे आणि माल मोठ्या पेढ्यांना द्यायचे. त्यांना तिकडे 'लिटल मेस्टर' म्हणत. घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई. 'ग्राइंडर्स अस्थमा' या नावाने तो रोग एकोणिसाव्या शतकात कुप्रसिद्ध होता आणि कोरड्या दगडावर काम करणारे तरुणपणीच जात. राजाचा मुकुट पात्यावर आला, या माणसांची नावे आली नाहीत.

भाचा इंग्लंडला नोकरीला असताना त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याला गळ घालून शेफील्डचे केलम आयलंड संग्रहालय पाहिले. तिथे या लिटल मेस्टरांच्या खोल्या दाखवल्या आहेत. जेमतेम आपल्या स्वयंपाकघराएवढ्या. त्या परंपरेतले नावाजलेले कारागीर स्टॅन शॉ १९४१ साली पोरवयात इबरसनच्या कारखान्यात कामाला लागले आणि पुढची पंच्याहत्तरहून अधिक वर्षे खिशातले चाकूच घडवत राहिले. २०१७ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले, २०२१ साली ते गेले. त्यांचे नाव निदान आपल्याला माहीत आहे. बाकी हजारोंची सही कोणती? तर स्प्रिंगच्या आतल्या बाजूला राहिलेले कानशीचे ओरखडे, मुठीवरच्या रिबिटांची बैठक, पाते मिटताना होणारा तो 'खट्' आवाज. आपल्याकडेही हेच आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा. काय एकेकाची कल्पकता! पण ते घडवणाऱ्या लोहाराचे, तांबटाचे नाव? ते नाही. जी काही त्यांची खूण आहे ती त्या धातूवर. ती घासून काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

या बाबतीत बाजाराचाही दोष आहे. चकचकीत चाकूला नवखे गिऱ्हाईक जास्त पैसे देते, म्हणून विकणारा घासतो. आणि एकदा घासलेल्या मालाची चलती झाली की लबाडांचे फावते. कारण बनावट छाप नव्या-कोऱ्या पृष्ठभागावर खपतो, दीडशे वर्षांच्या छटेवर खपत नाही. शेफील्डच्या नावाची नक्कल ही काही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनच्या स्वस्त मालावर 'शेफील्ड' असा छाप मारला जाई, ही तिथल्या कारागिरांची मोठी तक्रार होती. अशा तक्रारींतूनच १८८७ चा ब्रिटिश कायदा आला आणि 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगाला माहीत झाले. पुढे १९३८ साली झोलिंगेनलाही स्वतःच्या नावाच्या रक्षणासाठी कायदा करून घ्यावा लागला! म्हणून मी नेहमी सांगतो, झिजलेल्या पात्यावर कोरा करकरीत छाप दिसला की दोन पावले मागे या.

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातात, ते मला मान्य नसले तरी चुकीचे आहेत असे म्हणणार नाही.

पहिला आक्षेप आमच्या घरातलाच. खंडेनवमीला हत्यारे स्वच्छ करून पुजायची रीत आहे, मळकट चाकू पाटावर कसा ठेवायचा? माझे उत्तर असे की पूजा वस्तूच्या गुणाची आहे. फूल वाहा, हात जोडा, आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. रोजचा विळा, कोयता जरूर घासा. ती कामाची हत्यारे आहेत. त्यांना धार पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चाकू कापायसाठी केला, तो पेटीत ठेवला तर मेला. ज्या कारागिराबद्दल तुम्ही एवढे बोलता त्याला हे आवडले असते का? खरे आहे. ज्याचे दोन भाऊ बाजारात आजही मिळतात असा साधा चाकू असेल तर खुशाल वापरा, आंबा कापा, पेन्सिल करा. वापराने पडणारी झीज ही त्याच्या आयुष्याचाच पुढचा भाग आहे. माझे भांडण वापराशी नाही. काहीही न कापता केवळ शोभेसाठी चाकाखाली धरण्याशी आहे.

मग करायचे तरी काय? फार थोडे. शिवणयंत्राचे तेल सांध्यात एक थेंब टाका. एक दिवस राहू द्या, मग पाते हळूच उघडा, जोर करू नका. लाल गंज असेल तर तेल लावलेल्या मऊ फडक्याने पुन्हा पुन्हा पुसा, जेवढा निघेल तेवढा काढा. तळाला हात लावू नका. चिंच, लिंबू अजिबात नको, आंबटाने पोलाद खाल्ले जाते. कातड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, कातडे ओल धरते आणि पितळेवर हिरवट मेण जमते. पावसाळ्यात अधूनमधून उघडून पाहा. आणि सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. ते जुने झाले की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचे पोलादही गंजते. एवढेच.

आणि एक चिठ्ठी लिहा. माझ्याकडे तेवीस चाकू आहेत. प्रत्येकाबरोबर एक छोटी चिठ्ठी आहे. कुठे मिळाला, कोणत्या वर्षी, किती रुपयांना, विकणाऱ्याने काय सांगितले, छाप काय दिसतो, आणि माझा अंदाज काय. अंदाज असेल तिथे 'अंदाज' असे स्वच्छ लिहिले आहे. पंचाहत्तरी उलटली आहे. हे चाकू माझ्याकडे आणखी किती वर्षे राहणार? मुलाला यात रस नाही, नातीला थोडासा आहे. उद्या हे सारे कदाचित पुन्हा जुन्या बाजारातल्या चादरीवर जातील. जावोत बापडे. पण तिथे ज्या कुणाच्या हाती पडतील त्याला छाप वाचता यावा आणि चिठ्ठी मिळावी, एवढीच इच्छा आहे.

तुमच्याही घरात एखादा चाकू असेल. आज शोधून काढा. भिंग घ्या, खिडकीपाशी उजेडात बसा आणि तळ पाहा. घरात कुणी वडीलधारे असतील तर तो कुणाचा, कुठून आला, हे त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. घासायचे राहिले तर काही बिघडत नाही, विचारायचे राहू नये.